बीएस्सी नर्सिंग म्हणजे नर्स आणि मिडवाइफ एकाच डिग्रीत: तुमचे नेहमीचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की मेसेज सुरू होतात ते थेट नोव्हेंबरपर्यंत, आणि त्यात तेच ते प्रश्न असतात. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलं. मी ओबीजी म्हणजे मिडवाइफरी (बाळंतपणाची सेवा) आणि स्त्रीरोग नर्सिंग शिकवते, त्यामुळे माझा कल लेबर रूमकडे जरा जास्त आहे, ते धरून वाचा. माहिती मुख्यतः महाराष्ट्राची आहे, जिथे बाहेरचं आलंय तिथे तसं सांगितलंय.

१. बीएस्सी नर्सिंग केलं की मिडवाइफ पण होतो का, की त्याची वेगळी डिग्री असते?

होतो. चार वर्षांची एकच डिग्री, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलमध्ये नोंदणी करता तेव्हा ती आरएन आणि आरएम अशी दोन्ही मिळते, म्हणजे रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ. बारावीनंतर थेट फक्त मिडवाइफरीची बॅचलर डिग्री आपल्याकडे नाही, युके आणि ऑस्ट्रेलियात असते. गंमत अशी की डिग्रीच्या नावात फक्त ‘नर्सिंग’ असल्यामुळे निम्म्या मुलींना आणि जवळपास सगळ्या मुलग्यांना हे सहाव्या सेमिस्टरला कळतं, लेबर रूमच्या दारात उभं राहिल्यावर. ॲडमिशनच्या आधी कळलं तर कॉलेज निवडताना वेगळे प्रश्न विचाराल (प्र. ५ बघा).

२. एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी यात नेमका फरक काय? बाळंतपण तर तिन्हीत शिकवतात ना?

हो, तिन्हीत शिकवतात, फक्त खोली वेगळी. एएनएम दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कामासाठी. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा, कुठल्याही शाखेची बारावी चालते, आणि त्यावरही आरएन-आरएम मिळतं. बीएस्सीला सायन्स लागतं, आणि ही विद्यापीठाची डिग्री असल्यामुळे पुढे एमएस्सी, शिकवण्याची नोकरी, परदेश हे सगळं सरळ होतं. जीएनएमवाल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करून तिथेच पोचता येतं, त्यामुळे पैशाअभावी किंवा आर्ट्सला होतो म्हणून जीएनएम घेतलं तर काही बुडत नाही. वॉर्डात सुरुवातीची दोन वर्षं तर कोण बीएस्सी आणि कोण जीएनएम हे हातावरून ओळखू येत नाही, उलट जीएनएमचा हात कधी कधी जास्त बसलेला असतो, हे आमच्या कॉलेजातल्या कोणाला सांगू नका.

३. पात्रता काय? मला पीसीबीला कमी मार्क आहेत, ग्रुप ए होता, वय जास्त आहे, लग्न झालंय…

एकेक घेऊ. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन बारावी पास पाहिजे. पीसीबी मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के, आणि इंग्रजीत वेगळं पास. ग्रुप ए म्हणजे बायोलॉजी नसेल तर नाही चालत, बायो देऊन या. वय ॲडमिशनच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण पाहिजे. मान्यताप्राप्त ओपन स्कूलची बारावी चालते पण विषय हेच लागतात.

लग्न झालेल्यांना मनाई नाही, हे इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे कुणी तोंडी ‘आमच्याकडे चालत नाही’ म्हणालं तर नियम दाखवा. रंगांधळेपणा असेल तरी रंगदुरुस्तीचा चष्मा किंवा लेन्स वापरून पात्र ठरता येतं. मेडिकल फिटनेस सगळ्यांनाच लागतो.

४. नीट द्यायची की सीईटी?

महाराष्ट्रात आता नर्सिंगची वेगळी सीईटी आहे, राज्य सीईटी सेल घेतो. १०० प्रश्न, १०० मार्क, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, इंग्रजी आणि नर्सिंग ॲप्टिट्यूड, प्रत्येकी २०. निगेटिव्ह नाही म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, तरी दर वर्षी मुली सोडून येतात. ॲप्टिट्यूडचे २० आणि इंग्रजीचे २० हे सगळ्यात स्वस्तात मिळणारे मार्क आहेत, पण सगळी पोरं फिजिक्सच्या मागे लागून तिकडे बघतच नाहीत.

नीट लागते ती मिलिटरी नर्सिंगला, म्हणजे पुण्याच्या एएफएमसीचं नर्सिंग कॉलेज वगैरे. तिथे फक्त मुली घेतात, शिक्षण सरकारी खर्चाने आणि पुढे सैन्यात कमिशन, बदल्यात सर्व्हिसचा बाँड. ज्यांना जमेल त्यांनी नीट आणि सीईटी दोन्ही द्याव्यात.

गोव्याच्या मुलींना सांगते, बांबोळीचं इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशन गोवा विद्यापीठाचं आहे, तिथली ॲडमिशन वेगळी, आपल्या सीईटीशी संबंध नाही.

५. कॉलेज कसं निवडायचं? बिल्डिंग छान आहे, हॉस्टेल एसी आहे…

बिल्डिंग बघू नका, लेबर रूम बघा. हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कागद. तीन ठिकाणची मान्यता लागते: इंडियन नर्सिंग काउन्सिल, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिल आणि विद्यापीठ. विद्यापीठ म्हणजे बहुतेकांचं नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ (एमयूएचएस), काही अभिमत आणि खासगी विद्यापीठं, आणि मुंबईचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज हे एसएनडीटीचं. तिन्ही मान्यता त्या त्या वेबसाइटवर, त्या वर्षाच्या आणि तुमच्या कोर्सच्या नावाने दिसल्या पाहिजेत. जीएनएमची मान्यता दाखवून बीएस्सीच्या सीट भरणारे असतात.

मग हॉस्पिटल. नियमाप्रमाणे एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असं प्रमाण धरतात, आणि कॉलेजचं स्वतःचं म्हणजे पेरेंट हॉस्पिटल असावं लागतं. आता खरी मेख इथे आहे. पेरेंट हॉस्पिटल हाडाचं किंवा हार्टचं असलं तर कागदावर खाटा दिसतात पण बाळंतपणं होतात किती? ६० जणांची बॅच आणि महिन्याला पंधरावीस डिलिव्हऱ्या, त्यातल्याही निम्म्या सिझर, तर तुमच्या वाट्याला काय येणार ते तुम्हीच भागाकार करून बघा. म्हणून कॉलेजला जाऊन विचारायचे प्रश्न हे: महिन्याला नॉर्मल डिलिव्हरी किती होतात, ओबीजीची पोस्टिंग कुठे जाते, तिथे आणखी किती कॉलेजची मुलं येतात, सोबत कॉलेजचा टीचर असतो का, आणि नाईट पोस्टिंग आहे का. नाईट विचारा कारण बाळं रात्रीच येतात. उत्तर ऑफिसमधून घेऊ नका, तिसऱ्या-चौथ्या वर्षाची एखादी मुलगी कॅन्टीनला गाठा, दोन मिनिटांत खरं कळतं.

जे कॉलेज सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा जिल्हा रुग्णालयाच्या महिला विभागाला खरोखर जोडलेलं आहे, तिथे भिंतीचे पोपडे निघालेले असले तरी माझं मत त्यालाच. जेजे, ससून, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, इथे गर्दी इतकी की केस शोधाव्या लागत नाहीत, उलट जेवायला सुट्टी शोधावी लागते.

६. फी किती? मुलींना फी माफ झालीय म्हणतात ते खरं का?

सरकारी कॉलेजची फी अगदी थोडी, खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजवार ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर असते, अभिमत विद्यापीठांची त्याहून बरीच जास्त. कॉलेजने सांगितलेला आकडा आणि वेबसाइटवरचा आकडा जुळवून बघाच.

फी माफीबद्दल: जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मधल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण मिळतं. पण कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) ॲडमिशन पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर विसरा. हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, बसचे पैसे यात येत नाहीत, आणि काही ठिकाणी खरी वसुली तिथेच असते. अर्ज महाडीबीटीवर, दर वर्षी नव्याने करायचा, उत्पन्नाचा दाखला मे-जूनमध्येच काढून ठेवा, तहसीलमध्ये नंतर रांग लागते.

७. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालंय, झेपेल का?

झेपतं. पहिले सहा महिने डोकं धरून बसाल, ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी एकदम अंगावर येतं, त्यानंतर तेच तेच शब्द फिरून येतात. पेपर इंग्रजीत लिहायचा असतो पण कुणी साहित्य मागत नाही, मुद्दे आणि आकृत्या नीट असल्या की मार्क मिळतात.

आणि वॉर्डात गेल्यावर पारडं फिरतं. इंग्लिश मीडियमची मुलगी ‘मेंब्रेन्स रप्चर झाले का’ असं विचारत बसते आणि बाई नुसती बघत राहते, तुम्ही सरळ ‘पाणी गेलंय का, कधी गेलं, रंग कसा होता’ विचाराल. कळा कंबरेतून येतात की नुसतं ओटीपोट दुखतंय, अंगावरून जातंय का, आधीच्या खेपेला वार (प्लॅसेंटा) पडायला वेळ लागला होता का, हे ज्या भाषेत घरी बोलतात त्या भाषेत विचारलं की निम्मी हिस्टरी आपोआप मिळते. नंदुरबार, गडचिरोलीकडे पोस्टिंग आली तर तिथल्या बोलीतले दहा-पंधरा शब्द पहिल्याच दिवशी आशाताईंकडून लिहून घ्या.

८. चार वर्षांत काय काय असतं आणि मिडवाइफरी कधी येते?

२०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमापासून सेमिस्टर पद्धत आली, एकूण आठ. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि नर्सिंग फाउंडेशन, म्हणजे बेड बनवण्यापासून इंजेक्शनपर्यंत सगळं. दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल, आता त्याला ॲडल्ट हेल्थ म्हणतात, सोबत फार्मा, पॅथो, मायक्रो. पाचव्या सेमिस्टरपासून लहान मुलं, मानसिक आरोग्य, कम्युनिटी. मिडवाइफरी सहाव्या आणि सातव्या सेमिस्टरला. आठवं सेमिस्टर म्हणजे पूर्ण इंटर्नशिप, २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास, त्यातले ४ आठवडे मिडवाइफरीचे.

म्हणजे दीड वर्षाच्या आत मिडवाइफरी उरकते, आणि डिग्रीचं अर्धं रजिस्ट्रेशन त्यावर उभं असतं. मला हे प्रमाण कधीच पटलेलं नाही. पण आहे ते असं आहे, त्यामुळे ते आठवडे वाया घालवू नका.

९. लेबर रूममध्ये विद्यार्थ्यांना नेमकं काय करायला देतात? मला भीती वाटते.

सगळ्यांनाच वाटते. पहिल्या दिवशी एखादी तरी चक्कर येऊन खाली बसते, आणि बरेचदा रक्ताने नाही तर आवाजाने. सकाळी पोटभर खाऊन जा, ही सगळ्यात महत्त्वाची सूचना.

क्रम असा असतो, आधी बघायचं, मग मदतीला उभं राहायचं, मग सिस्टर किंवा मॅडमचा हात तुमच्या हातावर ठेवून स्वतः करायचं. एएनसीत, म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीत, पोट तपासणं, गर्भाशयाची उंची, बाळाचं डोकं कुठे आणि पाठ कुठे, ठोके मोजणं. कळा सुरू झाल्यावर पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, भरणं, आणि तो बाळंतपण झाल्यावर बसून भरायचा नसतो, चालू असताना भरायचा असतो, हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं. मग प्रत्यक्ष डिलिव्हरी, बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत, नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबणं, बाळ कोरडं करून आईच्या छातीवर, वार पूर्ण आली का ते उलटून-पालटून तपासणं. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कने श्वास देणं सुरू व्हायला पाहिजे, ते आधी पुतळ्यावर इतकं घोटवून घेतात की रात्री स्वप्नात येतं, आणि ते बरंच आहे.

आणखी एक, जे लॉगबुकात नसतं. आजही बऱ्याच लेबर रूममध्ये बायांवर ओरडतात, क्वचित मांडीवर चापट मारतात, आणि नवीन मुलगी आठ दिवसांत तेच शिकते कारण सगळे तसंच करतात. तुम्ही ते शिकू नका. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानाने वागणूक, पडदा, आणि बाईसोबत तिच्या माणसाला थांबू देणं हे सगळं आहे. विद्यार्थिनी म्हणून सिस्टरला टोकणं अवघड असतं, मान्य, पण बाईच्या डोक्याशी उभं राहून तिचा हात धरून ‘ताई, छान करताय, आता श्वास सोडा’ म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

१०. लॉगबुकातल्या केसेस पूर्ण झाल्या नाहीत तर? सिनियर म्हणतात कॉपी कर.

प्रत्येक गोष्टीचा ठरलेला आकडा लॉगबुकात छापलेला असतो, किती एएनसी तपासण्या, किती पार्टोग्राफ, किती डिलिव्हरी बघायच्या, किती स्वतः करायच्या. कमी पडल्या तर सातव्या सेमिस्टरपर्यंत थांबू नका, सहाव्यातच मॅडमना लेखी सांगा, जादा नाईट मागा, सुट्टीत जिल्हा रुग्णालयाचं पोस्टिंग मिळतं का बघा. इंटर्नशिपचे चार आठवडे असतात पण ते उधारी फेडायला नसतात.

कॉपीचं म्हणाल तर होते, सगळ्यांना माहीत आहे. व्हायवाला मात्र एक्सटर्नल लॉगबुक उघडून विचारतात, ‘ही तुमची पाचवी केस, पहिलटकरीण होती की दुसऱ्या खेपेची, बाळाचं वजन किती, एपिसिओटॉमी (योनिमार्गाजवळचा छेद) दिली का, का दिली?’ आणि तिथे बोबडी वळते. आणि व्हायवा निभला तरी पुढे एखाद्या ग्रामीण रुग्णालयात रात्री तीन वाजता डॉक्टर वाटेत आणि बाळाचा खांदा अडकलेला, तेव्हा सिनियरचं लॉगबुक कामाला येत नाही.

११. मी मुलगा आहे. मला लेबर रूम करावी लागेल का, करू देतील का?

अभ्यासक्रम, परीक्षा आणि नोंदणी मुलामुलींना सारखीच आहे. पूर्वी जीएनएमच्या मुलग्यांना मिडवाइफरीच्या जागी दुसरं प्रशिक्षण द्यायचे, म्हणून भरतीच्या काही जुन्या जाहिरातींत पुरुष उमेदवारांसाठी वेगळी ओळ दिसते. बीएस्सीच्या मुलांनी ती वाचून गोंधळू नका, तुम्हाला आरएन-आरएम दोन्ही मिळतं.

प्रत्यक्षात हॉस्पिटलवर अवलंबून. मेडिकल कॉलेजमध्ये फारसा त्रास होत नाही, छोट्या खासगी हॉस्पिटलात ‘ब्रदर, तुम्ही ओटीला थांबा’ म्हणून बाहेर काढतात. गंमत म्हणजे आत बाळंतपण करणारे डॉक्टर बरेचदा पुरुषच असतात. बाईची परवानगी विचारायची, सोबत एक स्त्री कर्मचारी ठेवायची, नाही म्हणाली तर वाईट न वाटून घेता बाजूला व्हायचं, एवढं पाळलंत तर बहुतेक बायांची हरकत नसते. कॉलेजच जर मुलांना पोस्टिंग देत नसेल तर प्राचार्यांकडे लेखी मागा, कारण परीक्षेत मुलगा म्हणून सूट नाही.

नोकरीचं एक माहीत असू द्या, एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना आहेत. म्हणून मुलांनी आयसीयू, इमर्जन्सी, डायलिसिस याही बाजू तयार ठेवा.

१२. अटेंडन्स किती लागतो? मध्येच आजारी पडले किंवा बाळंतपण आलं तर?

थिअरी आणि प्रॅक्टिकलला प्रत्येक विषयात किमान ८० टक्के असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, कारण काहीही असो. क्लिनिकलचं त्याहून कडक, डिग्री मिळण्याआधी ते १०० टक्के भरून द्यावंच लागतं. म्हणजे टायफॉइड झाला तरी ते दिवस नंतर, बहुतेक सुट्टीत, भरून काढायचे.

गरोदरपणासाठी वेगळी सवलत समजू नका, ८० टक्के आणि १०० टक्के हेच राहतं. बहुतेक जणी एक सेमिस्टर मागे राहून पुढच्या बॅचबरोबर पूर्ण करतात. डिग्री संपवायला जास्तीत जास्त ८ वर्षं मिळतात, त्यामुळे घाई नको. मात्र त्या काळात एक्स-रे, केमोथेरपीचा वॉर्ड, टीबी वॉर्ड यातून पोस्टिंग बदलून मागा, ते मागायला लाजू नका. आणि सगळ्यांसाठीच, हेपॅटायटिस बीची लस पहिल्या पोस्टिंगच्या आधी घ्या, तीन डोस असतात आणि सहा महिने लागतात.

१३. पासिंग किती? बॅक राहिला तर?

थिअरी आणि प्रॅक्टिकलला वेगवेगळं ५० टक्के, इंग्रजीला ४०. बारावीच्या ३५ ची सवय असेल तर इथेच पहिला धक्का बसतो. बॅक घेऊन पुढच्या सेमिस्टरला बसता येतं पण कुठवर, त्याची अट विद्यापीठाच्या नियमावलीत छापलेली आहे, ती वाचा, कारण सिनियर सांगतात तो नियम बरेचदा जुन्या वार्षिक पद्धतीचा असतो. जास्तीत जास्त कालावधी प्र. १२ मध्ये आलाय.

१४. पुस्तकात एक आणि वॉर्डात वेगळंच. व्हायवात काय सांगायचं?

हा प्रश्न ओबीजीत सगळ्यात जास्त येतो. उदाहरण घ्या, ॲक्टिव्ह लेबर कधी सुरू होतं? जुना पार्टोग्राफ ४ सेंटिमीटरला सुरू करायचा, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये ते ५ सेंटिमीटर आहे. दोन्ही कागद एकाच लेबर रूममध्ये टांगलेले मी पाहिलेत. व्हायवाला ‘या पार्टोग्राफप्रमाणे ४, नव्या गाइडप्रमाणे ५’ असं दोन्ही सांगा, एक्सटर्नल खूश होतात.

तसंच प्रत्येक पहिलटकरणीला एपिसिओटॉमी. काही ठिकाणी आजही सरसकट देतात, पण शिकवायचं आणि लिहायचं ते ‘गरज असेल तरच’. पोट दाबून बाळ ढकलणं तर कुठेच लिहिलेलं नाही, वॉर्डात दिसलं तरी ते शिकण्याची गोष्ट नाही. पेपरात पुस्तकाप्रमाणे लिहा, आणि वॉर्डात वेगळं दिसलं की का वेगळं आहे ते मॅडमना विचारा, कधी कारण असतं आणि कधी नुसती सवय असते.

१५. पास झाल्यावर रजिस्ट्रेशन कसं? दुसऱ्या राज्यातून केलं असेल तर?

निकाल आणि इंटर्नशिप पूर्ण झाली की महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडे अर्ज. रजिस्ट्रेशन नंबर हातात आल्याशिवाय नर्स म्हणून ड्यूटी करायची नाही, कोणी ‘तोपर्यंत ट्रेनी म्हणून या’ म्हणालं तरी जपून. नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी सीएनईचे, म्हणजे नोकरीत असताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे, तास लागतात, वर्कशॉपचे सर्टिफिकेट पहिल्या दिवसापासून एका फाइलीत ठेवा. यासोबत राष्ट्रीय नोंदवहीतला एनयूआयडी नंबरही काढून घ्या.

कर्नाटक, मध्य प्रदेश वगैरेमधून केलं असेल तर आधी त्या राज्याच्या काउन्सिलमध्ये नोंदणी, मग तिकडची एनओसी घेऊन इकडे बदली. वेळ लागतो, नोकरीची जाहिरात आल्यावर धावपळ करू नका. आणि एजंट जो ‘नॉन-अटेंडिंग’ म्हणून विकतो, कॉलेजला न जाता डिग्री, तो कोर्स अस्तित्वातच नाही. प्र. १२ मधला १०० टक्क्यांचा नियम देशभर तोच आहे. असल्या कागदावर नोंदणी अडकली की चार वर्षं आणि लाखो रुपये दोन्ही गेले, आणि एजंटचा फोन तोवर बंद.

१६. आरएम मिळालं म्हणजे मी स्वतंत्रपणे बाळंतपण करू शकते का? नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ ते हेच का?

नाही, ते वेगळं. आरएम म्हणून तुम्ही हॉस्पिटलमध्ये, आरोग्य केंद्रात नॉर्मल बाळंतपण करू शकता, तेच तुमचं काम आहे. सरकारच्या कुशल प्रसूती सेवेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे झटके येत असतील तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, रक्तस्रावात ऑक्सिटोसिन, अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन रेफर करणं हेही नर्सने करायचं आहे. पण घरच्या घरी पाटी लावून प्रसूतिगृह काढता येत नाही, त्याला नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी आणि त्याच्या अटी लागतात. गर्भपात तर कायद्यानेच नोंदणीकृत डॉक्टरचं काम आहे, कोणी कितीही गळ घातली तरी हात लावायचा नाही.

नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा २०१८ च्या केंद्राच्या धोरणातून आलेला प्रकार, आरएन-आरएम आणि दोन वर्षांचा अनुभव झाल्यावर १८ महिन्यांचं प्रशिक्षण. १८ महिनेच का, तर नर्स झालेल्यांनी मिडवाइफ व्हायला किमान तेवढा काळ लागतो असा आंतरराष्ट्रीय मिडवाइफ संघटनेचा निकष आहे. आपल्या डिग्रीत मिडवाइफरीला मिळणारा वेळ (प्र. ८) त्यासमोर ठेवून बघा, म्हणजे मी सारखं लेबर रूम, लेबर रूम का करते ते कळेल. तेलंगणात यावर बरंच काम झालंय, ज्यांना मनापासून हेच करायचंय त्यांनी डोळ्यासमोर ठेवावं.

१७. नोकरी कुठे मिळते?

सरकारी भरतीत अधिपरिचारिका, महापालिकांची रुग्णालयं, एम्स-रेल्वे-ईएसआयसी, आणि समुदाय आरोग्य अधिकारी. खासगीत सुरुवातीचा पगार निराश करणारा आहे, विशेषतः छोट्या शहरांत, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेणाऱ्या हॉस्पिटलला नाही म्हणा, इंडियन नर्सिंग काउन्सिलची भूमिकाही अशा बाँडच्या विरोधातच आहे. अनुभवाचं पत्र घेताना त्यावर वॉर्डचं नाव लिहून घ्या, ‘लेबर रूम, अमुक ते अमुक’. नुसतं ‘स्टाफ नर्स’ लिहिलेलं पत्र गल्फच्या व्हेरिफिकेशनमध्ये मिडवाइफच्या पोस्टला उपयोगी पडत नाही.

१८. परदेशात ही डिग्री नर्स आणि मिडवाइफ दोन्ही म्हणून धरतात का?

बहुतेक ठिकाणी फक्त नर्स म्हणून. युकेमध्ये रजिस्टरचे भाग वेगळे, नर्सची परीक्षा वेगळी आणि मिडवाइफची वेगळी, आपल्या मुली जवळपास सगळ्या नर्स म्हणूनच जातात. आयईएल्टीएसला प्रत्येक भागात ७, फक्त रायटिंगला ६.५ लागतात, किंवा ओईटी ही आरोग्य क्षेत्रासाठीची इंग्रजीची परीक्षा. जर्मनीत मिडवाइफ हा पूर्ण वेगळा पेशा आहे, २०२० पासून त्याची वेगळी डिग्री, तिकडे जर्मन शिकून जाणाऱ्या आपल्या मुली नर्सिंगच्याच जागांवर जातात.

ऑस्ट्रेलियात मात्र नर्सिंग आणि मिडवाइफरी अशी जोड डिग्री आहे, चार वर्षांची, दोन वेगळ्या नोंदण्या देणारी. ऐकायला आपल्यासारखीच वाटते. पण तिथल्या विद्यार्थिनीला मिडवाइफरीसाठी किमान ३० बाळंतपणं स्वतः करावी लागतात, १०० एएनसी तपासण्या, आणि किमान १० बायांसोबत गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत सलग राहावं लागतं, तीच बाई, तीच विद्यार्थिनी. युरोपात तर ४० बाळंतपणांचा निकष आहे. आपल्याकडे बाई बाळंत होते एकीच्या ड्यूटीत आणि डिस्चार्ज होते तिसरीच्या, त्यामुळे आपलं आरएम तिकडे जसंच्या तसं धरत नाहीत. मिडवाइफच व्हायचं असेल तर तिकडे नर्स म्हणून नोंदणी करून मग मिडवाइफरीचा पुढचा कोर्स, हा रस्ता जास्त खरा आहे.

१९. २०२३ चा नवा कायदा आला म्हणे, आमची डिग्री रद्द होणार का?

नाही. राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायदा २०२३ हा १९४७ च्या इंडियन नर्सिंग काउन्सिल कायद्याच्या जागी आणलेला आहे. आधी झालेली नोंदणी त्याने जात नाही. नावात मिडवाइफरी वेगळी आली एवढंच मला त्यात सध्या आवडलेलं. कोणी ‘नव्या कायद्यामुळे लगेच अपग्रेड कोर्स करावा लागतो’ सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.